फोटोवाल्यांचं टेबल

प्रिय भिंगरे,

परवा फोनवर तू विचारलंस, फोटोवाले, व्हिडिओवाले, लाइटवाले यांना पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरामागे डबे दिले तर चालेल ना, आणि मी नुसतं ‘बघू’ म्हणून फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, आई रागावली. रागावले नव्हते गं. फोटोवाल्याच्याच मुलीनं हे विचारावं, याचं आधी वाईट वाटलं. मग वाटलं, हिला सांगणार तरी कोण होतं? सांगणारा माणूस तुझं रिसेप्शन ठरायच्या आधीच निघून गेला.

तर ऐक. ही माणसं जेवतात ती नवरा-नवरी जेवायला बसतात तेव्हाच. तोंडात घास कोंबलेला फोटो कुणालाच नको असतो, म्हणून तेवढाच वेळ त्यांचे हात मोकळे. ‘नंतर देऊ’ म्हटलंस, की मग मित्रमंडळींचा धिंगाणा, मग निरोपाचे फोटो, मग वायरी गुंडाळणं. सकाळपासून उभ्या असलेल्या माणसाच्या पोटातले कावळे ओरडून ओरडून गप्प झालेले असतात. केटररला आत्ताच सांगून ठेव: पाहुण्यांचंच जेवण, गरम, हॉलमध्येच एक टेबल आणि बसायला खुर्च्या. तुझे बाबा कामाचं बोलणं करायला जायचे तेव्हा बाकी सगळं ठरवून यायचे, पण जेवणाचं काही त्यांच्या तोंडातून निघायचं नाही. लाजायचे.

घरी यायचे ते उपाशी. बॅग दारात टेकवायची, बूट काढता काढता म्हणायचं, “काही मिळालं नाही गं.” झालं, माझं तोंड सुरू! एवढा थाटमाट करतात आणि राबणाऱ्याला दोन घास देताना यांचा हात आखडतो, असं म्हणत मी भात गरम करायची, दोन ताटं वाढायची. मला एकटीला घास उतरत नाही, हे मी लग्न झाल्या झाल्याच त्यांना सांगून टाकलं होतं. माहेरी आम्ही भावंडं एका ताटावर तुटून पडणारी. समोर कुणी नसलं की मला जेवणच जायचं नाही. कितीही उशीर होवो, मी थांबायची. ते चवीनं जेवायचे, पुन्हा भात मागायचे आणि तिथल्या गमती सांगायचे. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीच्या लग्नातूनही असेच उपाशी आले, तेव्हापासून मी त्या बाईंची पायरी चढले नाही. एक दाढ गेली माझी त्या रागापायी.

बाबा गेल्यावर दाढीवाले काका कॅमेऱ्याचा स्टँड परत द्यायला आले होते. जन्मभर बाबांच्या बरोबरीनं व्हिडिओ काढलेला माणूस, तसा कसा पाठवणार? जेवायला बसवलं. वाढताना मी सवयीनं त्या लग्नघरांच्या नावानं खडे फोडायला लागले. ते खाली मान घालून भात चिवडत राहिले. मग हळूच म्हणाले, “वहिनी, आम्हाला बहुतेक ठिकाणी चांगलं जेवण मिळायचं. डॉक्टरीणबाईंनी तर स्वतः वाढलं होतं. हाच खायचा नाही. म्हणायचा, मी पोटभर जेवून गेलो तर ती एकटी जेवणार.”

मी आत गेले, नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. खोटारडा माणूस. भरल्या ताटासमोर बसून उपाशी राहायचा, वर ते ओझं खांद्यावर घेऊन आपले तीन जिने चढायचा, आणि माझ्या शिव्या बिचाऱ्या यजमानांना. एकदा तरी मला सांगायचं होतं. मी पाय धरले असते, नाहीतर भांडले तरी असते.

आता मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच काहीतरी खाते. तू रोज विचारतेस, जेवलीस का? मी हो म्हणते. त्यांच्यासारखं खोटं बोलायला मीही शिकले बघ.

एवढं सगळं लिहिलं ते एका मागण्यासाठी. स्टेजजवळच्या टेबलावर माझ्या शेजारी बाबांची म्हणून एक खुर्ची रिकामी ठेवायचं तुझ्या मनात आहे, असं होणारे जावई बोलता बोलता सांगून गेले. ठेवू नकोस, राणी. त्या खुर्चीशेजारी मला घास उतरायचा नाही, आणि मग सगळे आग्रह करत बसतील. माझी जागा फोटोवाल्यांच्या टेबलावर कर. तू पहिला घास घेशील तेव्हाच आम्हीही घेऊ. तेवढं एकदा आमच्याकडे बघ. आणि वाढणाऱ्यांना आधीच सांगून ठेव, त्या टेबलावर कुणी नुसताच भात चिवडत बसला, तर त्याला आग्रह करू नका. त्याच्या घरी कुणीतरी जेवायचं थांबलं असेल.

तुझीच,
त्या टेबलावरची,
आई