हॅम्बर्गला कळवायचं नाही

४ जानेवारी, अल् खुवैर, मस्कत
सकाळी दिराचा, विनायकचा, गुहागरहून फोन. आई गेल्या. चहा मागितला, येईपर्यंत मान टाकली. सासूबाई म्हणून कधी वाटल्याच नाहीत मला.
श्री जहाजावर, सेकंड इंजिनियर. हॅम्बर्गच्या वाटेवर. सासऱ्यांचं, अण्णांचं, फर्मान: "श्रीपादला कळवायचं नाही. उतरला की सांगू." जहाजावरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, ही या घरची रीतच. इंजिनरूममध्ये लक्ष उडालं की हात गेलाच. अण्णा स्वतः बोटीवर होते तेव्हा त्यांची आई गेली, त्यांनाही घरी आल्यावरच कळलं.
१५ तारखेला हॅम्बर्गला उतरतोय. तोवर तोंड शिवायचं. विनायक अग्नी देईल.

५ जाने.
मी गुहागरला जायचं नाही. गेले तर व्हिडिओ कॉलवर घर दिसेल त्याला. म्हणजे सुनेनं शेवटचं तोंडही पाहायचं नाही. वा रे रीत!
फॅमिली ग्रुपवर कुणी 'भावपूर्ण' टाकायचं नाही म्हणून चुलत नणंदेनं दुसरा ग्रुप काढला, श्रीला वगळून.
ऑफिस सुटल्यावर कुरुमला पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. काचेवर टकटक. सिक्युरिटीवाला. "मॅडम, ओके?" ओके म्हटलं.

९ जाने.
श्रीचा फोन. जहाज नदीतून आत, हॅम्बर्गकडे चाललंय. दोन्ही काठांवर बर्फ. एका ठिकाणी येणाऱ्या जहाजाला काठावरून भोंग्यावर सलामी देतात, ज्या देशाचा झेंडा त्याचं राष्ट्रगीत. "आमचं जहाज लायबेरियात नोंदलेलं, म्हणून झेंडा तिथला. सगळे भारतीय आणि फिलिपिनो, आणि वाजतंय लायबेरियाचं!" खदखदून हसत होता. मीही हसले. कशी हसले कोण जाणे.
मग, "आईचा फोन का लागत नाही गं?"
बिघडलाय म्हटलं. इराला पढवून ठेवलं होतं, तिनं सांगितलं, "बाबा, मी विनूकाकाला फोन केला. आजी झोपली आहे."
आठ वर्षांच्या पोरीला खोटं बोलायला शिकवलं मी.

११ जाने.
खलाशांच्या क्लबची गाडी श्रीला आणि सोबत्यांना गावात घेऊन गेली. आईंसाठी लोकरीचे मोजे बघतोय, टाचांना भेगा पडतात म्हणून. दोन फोटो पाठवले, तपकिरी आणि निळे. "आईला विचार."
कुणाला विचारू रे बाबा?
तासाभराने लिहिलं, आई निळे म्हणतात.

१३ जाने.
आज दहावा. कावळा लगेच शिवला म्हणे. विनायक म्हणाला, वहिनी, मला वाटलं होतं दादासाठी अडेल.
संध्याकाळी श्रीचा मेसेज. तो उतरत नाहीये! त्याच्या जागी येणाऱ्या माणसाची बायको बाळंत व्हायची आहे, कंपनीनं विचारलं, यानं हो म्हटलं. "घरी सगळं ठीक आहे, महिनाभर थांबतो. बिचाऱ्याचं पहिलं मूल आहे."
ठीक आहे हे कुणी सांगितलं त्याला? मीच.

१४ जाने.
संक्रांत. श्रीनं जुन्या ग्रुपवर 'तिळगूळ घ्या, गोड बोला' टाकलं. वर्षभर सण नाही, कोण उत्तर देणार? सगळ्यांनी वाचलं, सगळे गप्प. मग मला वेगळा मेसेज: "काय झालंय सगळ्यांना?"
अण्णांना फोन केला. आता सांगते म्हटलं. ते म्हणाले, "आईबापाचं सूतक मुलाला कळल्या दिवसापासून. त्याला अजून सूतक नाही. त्याची आई आहे अजून. राहू दे ना पोरी महिनाभर." आणि रडायला लागले. अण्णांना रडताना पहिल्यांदाच ऐकलं.
मी काय करू, सांगा कुणीतरी.

१६ जाने.
आज तेरावा. दुपारी श्रीचा फोन, जहाज सुटायच्या आधी. मी ठरवलं होतं. म्हटलं, श्री, बस जरा, बोलायचंय.
त्यानं विचारलं, "निळे मोजे आईनं सांगितले?"
मी उठून दार लोटलं, बाहेर इरा होती.
"आई निळं अंगाला लावत नाही गं. शनीचा रंग म्हणते."
"श्री..."
"आत्ता नको. इंजिन स्टँडबायवर घेतलंय, वरून कधीही हुकूम येईल, नदी संपेपर्यंत मला खाली इंजिनरूममध्ये उभं राहायचंय. नदी संपू दे. मग मी करतो फोन." आणि ठेवला.
मोबाईलवरच्या नकाशात जहाजाचा ठिपका दिसतो. अजून नदीतच आहे. इरा दोनदा येऊन गेली. "मम्मा, बाबाचा फोन आला की अगेन सांगू, आजी झोपली?"
नको, म्हटलं. आता नको सांगूस.
फोन चार्जिंगला लावलाय. समोर बसलेय.