बारा नावांचा एकच क्रम

देवाला साक्षी ठेवून मी, नसीब तोमा सकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा छापखाना, राहणार ऐन लौझा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. या जागी ‘कोणाच्याही दडपणाखाली नसताना’ असे लिहायची रीत आहे. ते मी लिहीत नाही. दडपण आहे, आणि मला भीती वाटते आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी खोट्याने सुरुवात केलेला कागद देवापुढे घेऊन जायची माझी इच्छा नाही.

कलम १. परवा, रविवारी, आमच्या गावच्या नगरपालिकेचे मतदान आहे. आजपासून त्या दिवसापर्यंत, किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत, मी जिन्यावरून पडून गेलो असे कोणी सांगितले, तर माझ्या घराला जिना नाही हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे. छापखान्याला आग लागली तर मी विडी, सिगारेट, हुक्का काहीही ओढत नाही. बुधवारपासून समोरच्या अक्रोडाखाली एक पांढरी गाडी उभी असते. आतला माणूस उतरत नाही. पाणी पाहिजे का म्हणून मी विचारायला गेलो, तर त्याने काच वर केली.

कलम २. राहते घर, मागची द्राक्षांची वेल आणि तळघरातले तेलाचे रांजण माझी एकुलती मुलगी नजला हिला मिळावेत. तिची आई अदला हिच्या सोन्याच्या बांगड्या तिच्याकडेच आहेत. जावई रिझ्क यूसुफ हा नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर आहे. अकरा वर्षे झाली, तरी नोकरी अजून ‘तात्पुरती’. नगराध्यक्ष शेखसाहेब दर निवडणुकीआधी ती कायम करतो म्हणतात. मी खाली जे लिहिले आहे त्याने ही नोकरी जाईल, बहुधा जाईलच. रिझ्क, तुझी आणि तुझ्या तीन लेकरांची मी इथे माफी मागतो. माफीने चूल पेटत नाही हे मला कळते.

कलम ३. चुलतभाऊ शाकर सकर याने १९८१ साली कुंपण सरकवून माझी दोन अंजिराची झाडे आपल्यात घेतली. ती त्याने ठेवावीत. मात्र अंजिरे गोड निघतात असे माझ्यासमोर पस्तीस वर्षे तो सांगत आला, ते माझ्या शवपेटीशेजारी उभे राहून तरी सांगू नये.

शेख बहजत यांचे पुष्पचक्र आल्यास परत पाठवू नये, त्याने आणखी त्रास होईल. चर्चच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवावे. त्यांना भाषण करू देऊ नये. शेख हे आमच्या डोंगरातले पक्षाचे माणूस, अठरा वर्षे नगराध्यक्ष. इथे माणूस मेला की त्यांचे भाषण होते, आणि ज्याला जिवंतपणी छळले त्याच्यावर जरा जास्त लांब होते.

कलम ४. छापखाना, हातयंत्र, अक्षरांचे शिशाचे खिळे आणि कागद कापायची सुरी सफरचंद बागायतदारांच्या संघाला द्यावी. वरचा झरा बाटलीबंद पाण्याच्या कंपनीला द्यायच्या शेखसाहेबांच्या बेताला या संघाने विरोध केला आहे, आणि नर्स रोझिन बरकत यांना पुढे करून बारा जणांची स्वतःची यादी उभी केली आहे. त्यांची पत्रके मीच छापली. ती त्यांनी उघड छापून घेतली, उघड वाटली. शेखसाहेबांसाठी मी जे छापत आलो ते वेगळे होते. ते काय होते हे आता लिहितो.

आमच्याकडे मतपत्रिका सरकार देत नाही. ज्याने त्याने बारा नावांचा कागद आणायचा आणि पाकिटात घालून टाकायचा. गावात घराणीही बारा. शेखसाहेबांचे उमेदवार तेच, पण प्रत्येक घराण्याच्या कागदावर नावांचा क्रम मी वेगळा लावायचा. हद्दादांच्या कागदावर त्यांतला डॉक्टर पहिला, कसूफांच्या कागदावर डॉक्टर सातवा. मोजणीच्या वेळी अधिकारी एकेक कागद मोठ्याने वाचतो. शेखसाहेबांचा माणूस बाकावर माझी क्रमाची वही घेऊन बसतो आणि रेघा मारतो. घरात तेवीस मते असली आणि त्यांच्या क्रमाचे एकवीसच कागद निघाले, तर सोमवारी त्या घरी माणूस जातो. मत गुप्त असते असे आमच्या शाळेतही शिकवतात.

हे मी १९९८ पासून तीन निवडणुकांत केले. कोणी पिस्तूल लावले नव्हते. धंदा होता, आणि शेखसाहेब माझ्या कॉफीचे कौतुक करत.

कलम ५. १९९८ ची गोष्ट मी अदलालाही सांगितली नाही.

कसूफांच्या घरात अकरा मते होती. त्यांचे कागद छापताना दोन शाईने खराब झाले. जुळवलेले खिळे सुटे करून खणांत टाकून झाले होते, बाहेर फव्वाझ गाडीचा भोंगा वाजवत होता. फव्वाझ म्हणजे शेखसाहेबांचा ड्रायव्हर आणि बाकीचेही सगळे. मी हद्दादांच्या उरलेल्या कागदांतले दोन उचलून कसूफांच्या गठ्ठ्यात घातले. नावे तर तीच आहेत, असे मनाशी म्हणालो. क्रम लावून देणाराच क्रम विसरला.

मोजणीत कसूफांचे नऊ निघाले. हद्दादांची माणसे तेवीस, कागद पंचवीस. कमी पडले की सगळे बघतात, जास्त आले तर कोण विचारतो! मी बघितले. तोंड उघडले नाही.

फहद कसूफची भाकरीची भट्टी होती. गटार टाकायचे म्हणून पुढच्याच आठवड्यात तिच्यासमोरचा रस्ता नगरपालिकेने खणला आणि दोन हिवाळे तसाच ठेवला. गटार आजतागायत आले नाही. भट्टी बंद पडली. पण खरा घाव तो नव्हता. त्या घरात दोन फितूर कोण, हा प्रश्न शिरला. फहदने धाकट्या बहिणीवर, मतीलवर, संशय घेतला, कारण ती तेव्हा शहरात शिकवत होती आणि वर्तमानपत्र वाचत होती. तो सिडनीला निघून गेला. आई वारली तेव्हाही बहीणभावांत शब्द झाला नाही. त्या घरात फितूर कोणीच नव्हते. अकराच्या अकरा माणसांनी भिऊन, निमूटपणे, दिलेला कागद टाकला होता.

माझी बँकेतली सगळी शिल्लक फहदला पाठवावी. मोजणीनंतर माझ्याकडे परत आलेल्या क्रमाच्या वहीचे १९९८ चे पान, हद्दादांच्या पंचवीस रेघांसकट, त्याला द्यावे, म्हणजे बहिणीवर विश्वास ठेवायला त्याला पुरावा मिळेल. उरलेली वही जाळावी.

कलम ६. या खेपेला फव्वाझ ईस्टरआधीच्या पाम रविवारच्या दुसऱ्या दिवशी आला. मामूलचा, म्हणजे सणाच्या खजूर भरलेल्या बिस्किटांचा, डबा घेऊन आला होता.

“नसीबकाका, शेख म्हणाले, म्हाताऱ्याला त्रास देऊ नका, कॉम्प्युटरवर करून घेऊ. मी म्हटलं, छे छे, काकांच्या हातची सर कशाला येणार?”

“मला आता नीट दिसत नाही रे, फव्वाझ.”

“दिसेल. रिझ्कला पंपावर कायम करायचंय ना? कागद टेबलावर आहे, सही तेवढी राहिलीये.” मग त्याने खिडकीतून बाहेर बघितले. “रस्ता छान झालाय हो तुमच्या दारासमोरचा. राहू दे असाच.”

तो गेल्यावर मी खिळ्यांचा खण उघडला.

काल गुरुवारी मी त्याला बारा गठ्ठे दिले, बारा रंगांच्या दोऱ्यांनी बांधलेले, आणि बारा क्रम लिहिलेली नवी वही दिली. त्याने दोरे मोजले. गठ्ठा उघडून बघितला नाही. उद्या शनिवारी तो घरोघरी वाटेल.

वहीत क्रम बारा आहेत. कागदावर एकच. बाराही गठ्ठ्यांत एकच जुळणी, पहिल्यापासून बाराव्या नावापर्यंत. कोणाचा कागद पेटीत पडला आणि कोणाचा नाही, हे रविवारी संध्याकाळी शेखसाहेबांना कळणार नाही. पाच-दहा कागद वाचून होईपर्यंत, कळणार नाही हेही त्यांना कळणार नाही.

पण हे मतदारांनाही ठाऊक नसेल तर काय उपयोग? ते नेहमीसारखे भिऊन तोच कागद टाकतील, आणि झरा जाईल. त्यांना सांगायला हवे. आणि सांगितले की एखादा तरी शेखसाहेबांकडे जाणार.

कलम ७. मृत्युपत्राला कायद्याने दोन साक्षीदार पुरतात. मी आज दुपारी बारा बोलावले, प्रत्येक घराण्यातून एक, आणि वरची सहा कलमे त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. पुढे जे झाले ते तिथेच बसून लिहीत आहे.

पाचवे कलम संपल्यावर मतील कसूफ उठून उभी राहिली. तिने माझ्या तोंडात मारली असती तर बरे झाले असते.

“अठरा वर्षं,” ती म्हणाली. “अठरा वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही, नसीब. आई गेली तेव्हा तरी सांगायचंस.”

मी म्हणालो, “भीत होतो.”

“आम्ही काय नाचत होतो?” ती म्हणाली आणि परत खाली बसली. गेली नाही.

सहावे कलम झाल्यावर नौफल हद्दाद म्हणाला, “म्हणजे आमचा कागद आणि या सगळ्यांचा कागद एकच?”

“एकच.”

“आणि आता तू आमच्या सह्या घेणार. काका, हीपण एक यादीच झाली की! उद्या हा कागद कोणाच्या हाती लागला तर?”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी सांगितले, सही करायची सक्ती नाही. इथे बसून ऐकले तेवढ्याने माझे काम झाले. पण ज्याला घरी जाऊन आपल्या माणसांना ‘निर्धास्त टाका’ म्हणायचे आहे, त्याने आधी स्वतः सही करावी, म्हणजे त्याच्या म्हणण्याला वजन येईल.

चौघांनी सह्या केल्या. त्यात शाकर होता, याचे मला नवल वाटले.

मग नौफल म्हणाला, “गाडी उन्हात आहे, जरा सावलीत लावून येतो.” आमच्या गल्लीतून खाली गेले की हद्दादांचे घर, वर गेले की शेखसाहेबांचे. सगळ्यांनी कान दिला. गाडी सुरू झाली. तिने गिअर बदलला, आणि इंजिनाचा आवाज चढावर लागतो तसा जड झाला. तो वळणापर्यंत आम्ही ऐकला.

बुलोस मेआद कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “कदाचित वर लावायची असेल. वर सावली आहे.”

“वर सावलीच सावली आहे,” मतील म्हणाली.

दोघे जण उठले, माझा हात हातात घेतला आणि खाली मान घालून गेले. त्यांची नावे मी लिहीत नाही. त्यांनाही घरदार आहे.

रोझिन बरकत म्हणाल्या, “शेख आता उद्याच्या उद्या दुसरीकडून नवे कागद छापून आणतील, नवे क्रम लावून. तुम्हाला तेवढा एक दिवस आहे, नसीबभाऊ. त्यांचीच बारा नावं, याच क्रमानं, आणखी हजार छापा. आम्ही घरोघरी टाकतो. ज्याला टाकायचा त्यानं हा टाकावा, ज्याला आमचा टाकायचा त्यानं आमचा. त्यांचे क्रम एकदा विस्कटले की बाकावरच्या माणसानं कितीही रेघा माराव्यात!”

“आणि सोमवारी?” कोणीतरी विचारले.

“बारा घरांसमोरचे रस्ते एकदम खणायला त्यांच्याकडे कुदळी नाहीत,” मतील म्हणाली. “पेन आण इकडे.”

मला अजूनही भीती वाटते आहे. पण खिळे जुळवायला घेतले आहेत, आणि शाकर कागद कापतो आहे, वाकडा कापतो आहे.

हे माझे शेवटचे मृत्युपत्र. यापूर्वी कुठे काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

स्थळ: ऐन लौझा, छापखान्याची मागची खोली
शुक्रवार, दिनांक १३ मे २०१६

नसीब तोमा सकर

साक्षीदार, गाडी वर जाण्यापूर्वी:
रोझिन बरकत, निवृत्त नर्स
शाकर सकर, शेतकरी
बुलोस मेआद, सफरचंद संघाचे चिटणीस
अफीफ नस्सार, न्हावी

साक्षीदार, गाडी वर गेल्यानंतर:
मतील कसूफ, शिक्षिका
तन्नूस फरह, गवंडी
नझीहा शल्हूब, गृहिणी (अंगठा)
वहीब गानेम, टॅक्सीचालक
मिलहेम दाहेर, धंदा सांगितला नाही

नजला रिझ्क यूसुफ. वारसाची साक्ष कायद्यात धरत नाहीत हे तिला सांगितले. ती म्हणाली, “न धरू देत, बाबा.”

रिझ्क यूसुफ. पाळी संपवून आला, दारात उभ्यानेच सगळे वाचले, आणि बराच वेळ माझ्याकडे बघतही नव्हता. सही त्याची. धंदाही त्यानेच लिहिला: नगरपालिकेच्या पाणीपंपावर, आजपर्यंत.