बाईसाहेबांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही

रविवार, ११ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी जे झालं ते क्रमाने असं:

१. एका इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, म्हणून कामावरून यायला उशीर झाला. अंधार पडला होता.
२. त्याआधी सलग तीन दिवस कारकुनाची रपेट झालेली नव्हती. घोडा तबेल्यात दाराला धडका देत होता.
३. हौदाचं पाणी गोठू नये म्हणून सकाळी जाताना मी नळ थेंबथेंब चालू ठेवला होता. ते पाणी वाहत दारापर्यंत गेलं आणि तिथे गोठलं.
४. कारकुनाला बाहेर काढताना त्याचा मागचा पाय घसरला. तो बसला आणि लगेच उठला.
५. तो आणि दाराची चौकट यांच्या मधे मी होते. डावं मनगट दुखावलं आहे. हाड मोडलेलं नाही.
६. घोड्यांचे डॉक्टर येऊन गेले. मागच्या घोट्याला सूज आहे. सूज उतरेपर्यंत त्याला बाहेर न्यायचं नाही.
७. बाईसाहेबांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

नळ बंद केला आहे. हौदाला बाहेरून गोणपाट गुंडाळलं आहे आणि दारासमोर राख पसरली आहे. उरलेल्या अडचणी अशा: गवताच्या माळ्याचं छप्पर एका कोपऱ्यात गळतं. कारकुनाची जाड झूल खांद्यावर फाटली आहे, आणि एका हाताने शिवता येत नाही.

तुझ्या खुब्याबद्दल बाबांना विचारलं की ते मजेत आहे म्हणतात. त्यावरून काहीच कळत नाही. काठीवर किती भार टाकतेस आणि जिना उतरतेस का, ते तू स्वतः लिही.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी भाची

~

गुरुवार, १५ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. हे पत्र म्हणावं की पंचनामा, यावर तुझ्या बापाचं नि माझं चहा गार होईपर्यंत एकमत झालं नाही. सातव्या कलमावर तर मी चष्मा पुसून पुन्हा बसले. बाईसाहेबांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही म्हणजे काय समजायचं? आहे ना जिवंत? त्या घोडीला मी शिंगरू असल्यापासून ओळखते. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही असा एक दिवस तिने मला दाखवलेला नाही.

मी जिना उतरते. चढताना तुझा बाप मागे उभा राहतो, म्हणजे पडले तर दोघं मिळून पडू.

आता कामाचं बोलते, आणि मधे तोंड घालू नकोस. मी शिडीवरून पडले तेव्हा तू आपण होऊन म्हणालीस की घर आणि घोडे मी बघते. मीही लगेच हो म्हणाले, कारण दवाखान्यात पडलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? वाटलं, पोरगी नोकरी करते, चार महिन्यांची तर गोष्ट आहे. पण तेव्हापासूनची तुझी सगळी पत्रं मी काल ओळीने वाचली. गवत भिजलं. पाणी गोठलं. कारकुनाचा घाम थंडीत वाळेना म्हणून त्याच्या पोटाचे केस कापले. तुला खोकला. झूल फाटली. आणि आता मनगट. अगं, दोन्ही डगरींवर हात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. तू तिसरी डगर शोधून काढलीस. दिवसभर लिफ्टच्या दोरांशी झोंबायचं आणि घरी येऊन माझ्या घोड्यांशी. एका पत्रात तरी एक धड ओळ असावी ना. नाही. पोरगी माझ्या भिडेखातर दात आवळून हिवाळा काढते आहे, हे न कळायला मी काही शाळेत उगाच मुलांची तोंडं वाचत नव्हते.

तेव्हा ठरवलं आहे. घोडेस्वारी शिकवणारं ते जोडपं, ज्यांनी मागे कारकुनाला मागितलं होतं, त्यांच्याशी मी बोलले. ते दोघांनाही नेतील. बाईसाहेब म्हातारी, शिकवण्याच्या कामाची नाही, पण जोडी तोडणार नाही म्हणाले. माणसं चांगली आहेत. ३१ तारखेला, शनिवारी, त्यांची लॉरी येईल. तू सुटलीस. संध्याकाळी गरम खोलीत पाय पसरून बस, आणि तुझ्या वयाच्या मुली जे काय करतात ते कर.

मनगटावर शेक घे. माझी काळजी करू नकोस. मला नाही त्याचं काही.

तुझ्यावरचा लोभ लॉरीत चढत नाही, तो इथेच आहे.

तुझी आत्या

~

सोमवार, १९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा निर्णय कळला. घोडे तुझे आहेत, त्यामुळे माझी हरकत असण्याचा प्रश्न नाही. शनिवारी सुट्टी आहे, मी घरी असेन.

खोगिरं, लगाम, झुली आणि उरलेली चंदी लॉरीत देते. फाटलेली झूल शिवून घेतली आहे. पुढच्या माणसांना काही गोष्टी माहीत असाव्यात म्हणून खाली लिहिते. तू त्यांना पाठव.

कारकून फाटकाशी पोचला की थांबतो आणि दोन्ही बाजूंना बघतो. त्याला टाच मारू नये. त्याचा विचार झाला की तो चालतो. न झालेल्या विचाराने चालला तर सगळी रपेट तो कान मागे टाकून काढतो.

आधी बाईसाहेबांना चंदी द्यावी, मग त्याला. उलट केलं तर दोघंही खात नाहीत.

बाईसाहेबांना खरारा करताना मानेच्या मुळाशी हात गेला की त्यांचा खालचा ओठ लोंबतो आणि डोळे अर्धे मिटतात. तो आजार नाही. तिथे थोडा जास्त वेळ द्यावा.

सकाळच्या अंधारात तबेल्याचा दिवा एकदम लावू नये. आधी दारातून आवाज द्यावा. काय बोललं याला महत्त्व नाही. मी त्या दिवशी कुठली लिफ्ट तपासायची आहे ते सांगते.

कारकुनाच्या पायाची सूज उतरली आहे.

कळावे.

तुझी भाची

~

गुरुवार, २२ जानेवारी

चि. लेकीस,
अ. उ. आशीर्वाद.

मी पत्र लिहितो आहे म्हणजे घरात काहीतरी बिनसलं आहे, हे तुला कळलंच असेल. तुझ्या आत्याने मला शपथ घातली आहे की तुला काही सांगायचं नाही. लिहायचं नाही असं ती म्हणालेली नाही. एकेकाळची मास्तरीण, पण वाक्यात फट ठेवते.

तुझं सोमवारचं पत्र तिने मोठ्याने वाचून दाखवलं. लोंबत्या ओठापाशी थांबली, पुन्हा तेवढंच वाचलं, आणि मग काठी घेऊन आपल्या खोलीत गेली. जेवायला आली तेव्हा नाक लाल होतं. मला म्हणाली सर्दी झाली. तिला घोडे विकायचे नाहीत. कधीच नव्हते. ती म्हणते की माझ्या हौसेपायी पोरीचं मनगट गेलं, उद्या मान जाईल, आणि ती पोरगी तोंड उघडून नको म्हणायची नाही. मी म्हणालो, ती हवं तरी कुठे म्हणते? लहानपणी शाळेतून आल्यावर काय झालं विचारलं की काही नाही म्हणायची. बक्षीस मिळालं तरी काही नाही, गुडघा फुटला तरी काही नाही. आम्ही तिचे आई-बाप तेव्हापासून त्या काही नाहीचे अर्थ लावत बसलो आहोत.

तर असं आहे. तिला वाटतं तू तिच्यासाठी सोसते आहेस, म्हणून ती तुझ्यासाठी विकते आहे. तुला खरंच घोडे नको असतील तर हे पत्र फाडून टाक आणि शनिवारी लॉरीला निरोप दे. मी कुणाकडे बोलणार नाही. हवे असतील तर मात्र तिला सांग, शब्दात. मला सांगून उपयोग नाही. मला घोडे चावतात.

आईने लोकरीचे हातमोजे पाठवले आहेत. डावा थोडा सैल ठेवला आहे.

असाच लोभ, आणि जमलं तर जरा जास्त शब्द.

बाबा

~

रविवार, २५ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नकोस. शपथेत फट तूच ठेवली होतीस.

चूक कुठे झाली ते मी शोधलं. आमच्या कामात लिफ्ट तपासून झाली की आम्ही फक्त दोष लिहितो. दोर झिजला, दार घासतं, दिवा बंद आहे. दार छान मिटतं, असं मी आजवर कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही. ज्याबद्दल काही लिहिलं नाही ते ठीक आहे, असं वाचणाऱ्याने समजायचं असतं. साहेब तसंच समजतात, इमारतवालेही समजतात. तुलाही मी तशीच पत्रं लिहीत गेले, आणि तुला वाचायची ती रीत कुणी सांगितलीच नव्हती. बाईसाहेबांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही याचा अर्थ बाईसाहेब उत्तम आहेत, असा होता.

म्हणून या पत्रात जे ठीक आहे ते लिहिते. सवय नाही, तेव्हा क्रम चुकेल.

सकाळी मी दारातून आवाज दिला की बाईसाहेब आतून घशातल्या घशात उत्तर देतात. खिंकाळत नाहीत, तेवढे कष्ट त्या घेत नाहीत. थंडीत त्यांच्या झुलीखाली हात घातला की बोटं पुन्हा चालायला लागतात. लीद काढायला लागतो तेवढा वेळ मी कुणाशी माणसासारखं बोलायला बांधील नसते, आणि तरी एकटी नसते. तिथून कामाला गेले की लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना मी दर पायरीला वर बघत नाही. आधी बघायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पोटाचे केस कापल्यापासून कारकुनाचा घाम मी खोगीर ठेवून येईपर्यंत वाळतो. नक्षी वाकडी आली आहे. डाव्या बाजूने तो अर्धी बंडी घातलेल्या कारकुनासारखाच दिसतो. गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी गोठलेलं दव वितळल्यावर मी त्याला टेकडीपर्यंत नेलं. वर पोचल्यावर त्याने आपण होऊन भरधाव दौड घेतली. मी थांबवलं नाही. खाली येईपर्यंत मी हसत होते, आणि पाहणारं कुणी नव्हतं. त्या आठवड्याच्या पत्रात तुला मी गवत भिजल्याचं लिहिलं.

अडचणी खऱ्या आहेत, त्या खोडत नाही. नोकरी दिवसाचा सगळा उजेड खाऊन टाकते. कारकून घसरायचं कारणही तेच. तीन दिवस उभा राहिलेला घोडा मी अंधारात, घाईने, एकटीने बाहेर काढला. पण त्यावर उपाय घोडे विकणं नव्हता. उपाय कुणाला तरी विचारणं हा होता, आणि ते मला जमत नाही. या आठवड्यात दोघांना विचारलं.

पहिले आमचे साहेब. फेब्रुवारी संपेपर्यंत बुधवारी आणि शुक्रवारी मला आपल्या घराजवळच्या इमारती द्याव्यात, म्हणजे दुपारी काम संपवून उजेडात रपेट होईल, असं मी म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. मी घोडा म्हणाले. ते म्हणाले की त्यांना वाटलं होतं मी नोकरी सोडते आहे, घोडा परवडला. दोन्ही वार मिळाले.

दुसरी पलीकडच्या घरातली बेकरीवाली. तिचं काम पहाटे सुरू होऊन सकाळीच संपतं. दुपारी दोघांना मोकळ्या आवारात सोडशील का, एवढंच विचारलं. ती म्हणाली की तू शिडीवरून पडलीस तेव्हापासून ती वाट बघते आहे मी कधी विचारेन याची, आणि आणखी उशीर केला असता तर ती न विचारता आली असती. सध्या ती एकट्या बाईसाहेबांना सोडते, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्या डोक्यावरचा रुमाल काढून घेतला. दोघींचं जमेल. बाकीच्या दिवशी संध्याकाळी मी कारकुनाला फक्त पायी फिरवेन, अंगात चमकता पट्टा घालून. थंडीत तेवढं पुरतं, डॉक्टरांना विचारलं.

आज सकाळी, घसरल्यानंतर पहिल्यांदाच, मी त्याला दाराबाहेर नेलं. तो पसरलेल्या राखेपाशी थांबला आणि खाली बघत राहिला. मीही थांबले. त्याचा विचार झाल्यावर त्याने एक खूर ठेवला, मग दुसरा. पलीकडे गेल्यावर त्याने आईने विणलेल्या हातमोज्याला नाक पुसलं. तो लंगडत नाही.

मनगट बरं आहे. पट्टी सोडली.

आता तुला शब्दात सांगते. मला घोडे हवे आहेत. दोन्ही. तुझ्या भिडेखातर नाही, आणि तू बरी होईपर्यंतही नाही. तू परत आल्यावरही मी इथे राहिले तर चालेल का, हेही विचारायचं आहे. खालच्या खोलीच्या दाराची रुंदी मी मोजली, तुझी काठी आणि तू शेजारीशेजारी आत येता. तबेल्यापर्यंतच्या वाटेवर मी कठडा लावते आहे.

घोडे तुझे आहेत, ठरवायचं तुलाच. पण या वेळी माझं काय म्हणणं आहे ते माहीत असताना ठरव.

लोभ आहे हे न लिहिता समजावं अशी आजवर अपेक्षा होती. आता लिहिते की आहे, आणि तुझाही हवा.

लॉरी शनिवारी सकाळी निघेल. ती येऊ द्यायची की नाही, ते गुरुवार, २९ तारखेपर्यंत मला कळव.

तुझी मोजपट्टी