पहिली बास्केट होईपर्यंत

वेब्रिज, नेब्रास्का
६ नोव्हेंबर १९८३

चि. अर्डिस हीस,
व्हर्नदादाचे अ. आ. वि. वि.

इकडे सगळं ठीक. माझा डावा गुडघा आहे तसाच कुरकुरतोय आणि तुझी वहिनी जोन म्हणते की तो गुडघा आणि मी एकाच मातीचे.

आता खरी बातमी. आपल्या आठ कॉलेजांच्या बास्केटबॉल मंडळात नववं कॉलेज घ्यायचं घाटतंय, आणि ते नववं म्हणजे तुमचं कोल्टर. गावात दुसरा विषय नाही. लाइल न्हाव्यानं काल एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून उरलेला वेळ वाद घातला. गिऱ्हाईक बिचारं तोंडाला फेस लावून बसलेलं.

लाइलचं म्हणणं मला पटतं, उगाच लपवत नाही. मंडळाची ताकद म्हणजे आठही संघांची मिळून ताकद. दुबळ्या संघाला हरवलं तरी देशाच्या यादीत आपलाच नंबर खाली येतो, मग राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं कसलं येतंय? ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की काय होतं ते तुला माहीत आहे. पाठीराख्यांच्या क्लबचा अध्यक्ष म्हणून आमच्या कॉलेजचे प्राचार्य ओल्सन माझं मत विचारणार, आणि मी डोक्यानं सांगणार, नात्यानं नाही. डॅरेलला मामाचा आशीर्वाद सांग. रागावू नकोस.

तुझा,
व्हर्नदादा

कोल्टर
१७ नोव्हेंबर १९८३

ती. व्हर्नदादास,
अर्डिसचा शि. सा. न.

पत्र मिळालं. पवळ्या कोण ते कळलं. लाइलला सांग, मागच्या उन्हाळ्यात त्यानं तुझे केस कापले ते मी पाहिलेत, तेव्हा ताकदीबद्दल त्यानं जपून बोलावं.

तुला माहीत नसेल म्हणून लिहिते. मंडळात जागा मिळाली नाही तर या हंगामानंतर संघ बंद, असं इथल्या विश्वस्तांनी ठरवलंय. त्यांचंही चूक नाही. मंडळाबाहेरच्या कॉलेजाशी खेळायला या वाळूच्या टेकड्यांत कोण येणार? डॅरेल सकाळी गणित शिकवतो, दुपारी मुलांना खेळवतो आणि सामन्याच्या दिवशी बसही तोच चालवतो. संघ गेला की तोही जाणार. डेन्व्हरच्या एका शाळेनं त्याला बोलावलंय. तो, सूनबाई, दोघी मुली, सगळं बिऱ्हाड. तुझा मेहुणा मर्ल गेल्यापासून या घरात आवाज आहे तो त्या पोरींचाच. त्या गेल्यावर मी काय करायचं, ते मला कळत नाही.

पण रदबदली कर म्हणून हे लिहीत नाही. वशिल्यानं मिळालेली जागा डॅरेल घेणार नाही आणि मीही घेऊ देणार नाही. फक्त खेळ बघ आणि मग बोल. कंबरेचं दुखणं विचारलं नाहीस, तरी सांगते, काठी लागते आता.

तुझीच,
अर्डिस

वेब्रिज
१२ डिसेंबर १९८३

चि. अर्डिस हीस, अ. आ.

घाईत लिहितोय. प्राचार्यांनी तोडगा काढलाय. एकवीस जानेवारीला कोल्टरनं आमच्या हॉलमध्ये येऊन खेळायचं. आठही प्राचार्य बघायला येतील आणि फेब्रुवारीअखेर मतदान होईल. बरोबरीची मतं पडली तर प्रवेश नाही.

तुझं पत्र जोननं दोनदा वाचलं आणि दोन दिवस माझं ताट मलाच वाढून घ्यायला लावलं. मला काय दगडाचं काळीज आहे? पण भाचा आहे म्हणून खोटं बोललो, तर उद्या लाइलला तोंड कसं दाखवू? तू सामन्याला येशील तेव्हा कुणाच्या बाजूला बसणार, ते कळव. माझ्याशेजारी गादीची खुर्ची राखून ठेवतो, कंबरेला बरं पडेल.

व्हर्नदादा

वेब्रिज
२३ जानेवारी १९८४

प्रिय अर्डिस,

आशीर्वाद द्यायला आज हात उचलवत नाही. वयानं मोठा असलो तरी आज मीच वाकून नमस्कार करावा असं वाटतंय.

बर्फ येतंय म्हणून तुमची बस लगेच निघाली, बोलणं झालंच नाही. म्हणून पाहिलं ते लिहितो. तू तिथेच होतीस, पण तू तुझ्या जागेवरून पाहिलंस. मी समोरून पाहिलं.

खेळ सुरू झाला आणि तुमची ती तीन-चारशे माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. राहू देत, उत्साह आहे, असं आम्ही म्हटलं. आमच्या पोरांनी धडाधड बास्केट करायला सुरुवात केली आणि तुमच्याकडून एकही होईना, तरी तुम्ही उभेच. मी यजमान. मला वाटलं, यांना जागा कमी पडल्या, आणि काय लाज ही आपल्या गावाची. तळघरातल्या घडीच्या खुर्च्या मी धावपळ करून पाठवल्या. तुमच्या लोकांनी मनापासून आभार मानले आणि खुर्च्यांवर कोट ठेवले. लाइल हसून हसून लाल झाला. म्हणाला, वाळूतल्या लोकांना खुर्ची कशासाठी असते तेच ठाऊक नसेल.

मग आमच्या पोरानं तुमच्या मुलाला धक्का मारला, कुणी न अडवता टाकायचा फ्री थ्रो मिळाला आणि तुमचा पहिला गुण लागला. आता बसतील, असं मी म्हटलं. कुणी बसलं नाही. आणि तिथे मला एकदम बाबांचा हात मानेवर जाणवला, अर्डिस. जुन्या हॉलची ती लाकडी बाकं आठवतात? आपल्या संघाची पहिली बास्केट होईपर्यंत बसायचं नाही. मी टेकायला लागलो की बाबा कॉलर धरून उठवायचे आणि म्हणायचे, फुकटची बास्केट ही बास्केट नव्हे, खेळून झालेलीच मोजायची. नवा हॉल झाला, गाद्यांच्या खुर्च्या आल्या आणि आम्ही सगळे विसरलो. मी, त्यांचा मुलगा, खुशाल विसरलो. तू मात्र ती रीत लग्नाच्या सामानाबरोबर नेलीस आणि मला कधी बोललीसुद्धा नाहीस.

मग मी तुला शोधलं. दुसऱ्या रांगेत, काठीवर दोन्ही हात ठेवून उभी.

अर्धा सामना संपला, तुमची बास्केट नाही. मध्यंतर झालं. आमचे लोक राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खायला बाहेर गेले, परत आले, तर तुम्ही तसेच. डबे उभ्यानं उघडले होते. एक म्हातारा शेतकरी शेजारणीच्या खांद्याला धरून एक पाय विसावत होता, मग दुसरा. हरणाऱ्या संघासाठी असं कोण उभं राहतं? माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

आमच्या बाजूला पहिली कोण उठली, सांगू? जोन. मग मी. गुडघ्यानं बोंब मारली, त्याला गप्प बसवलं. मग जुन्या हॉलच्या काळातले सगळे एकेक करून उठले, आणि त्यांच्याकडे बघून पोरंटोरंही. लाइल सगळ्यात शेवटी, पण उठला. आमचा हॉल आमच्याच संघाविरुद्ध उभा होता आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

मग त्या तुमच्या बुटक्या तांबड्या केसांच्या पोरानं कोपऱ्यातून चेंडू टाकला. तो कड्यावर नाचला, नाचला आणि आत पडला. माझ्या जन्मात मी असा आवाज ऐकला नाही. तुम्ही सगळे एकदम बसलात आणि छताखाली फक्त आम्हीच उभे राहिलो. तुम्ही मोठ्या फरकानं हरलात. किती ते मी लक्षात ठेवलेलं नाही, आणि मला ओळखतेस तू, मी कधी विसरत नाही.

कंबर कशी आहे? या वेळी आधी विचारतोय.

तुझा,
व्हर्न

कोल्टर
४ फेब्रुवारी १९८४

ती. दादास, शि. सा. न.

आधी विचारायला शेवटच्या ओळीत आलास, तरी चालेल. दोन दिवस अंथरुणाला होते, आता उठले. नाती पाय चेपून देतात आणि त्याचे गोड खाऊचे पैसे मागतात.

तुला सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, अर्डिस आपल्याला भावनेत गुंडाळतेय. खरं तर इथे आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी एकटीच उभी राहायचे. लोक हसायचे. मग मर्ल उभा राहिला, बायको पडेल म्हणून. मग त्याचे भाऊ. आता इथल्या पोरांना वाटतं की हे कोल्टरचंच आहे, आणि ते तसंच बरं आहे.

डॅरेल मुलांवर रागावला नाही. म्हणाला, बास्केट होईपर्यंत आपल्यासाठी कुणी बसलं नाही, हे लक्षात ठेवा. डेन्व्हरच्या शाळेला त्यानं मार्चपर्यंत थांबायला सांगितलंय. मी रोज टपालपेटी बघून येते, दादा. पण तुझं मत तुझंच. ताकदीचा हिशेब चुकीचा नाही, हे मलाही कळतं.

काळजी करू नकोस, आणि केलीस तर लपवू नकोस.
अर्डिस

वेब्रिज
२९ फेब्रुवारी १९८४

चि. अर्डिस हीस,
व्हर्नदादाचे अनेक, अगदी मनापासून आशीर्वाद.

प्राचार्यांच्या सभेत मला बोलावलं होतं. मी आकडे लिहून नेले होते आणि ते सगळे खरे आहेत, हे आधी सांगितलं. कोल्टर आलं की पुढची दोन-तीन वर्षं आपण यादीत खाली जाऊ, हेही सांगितलं. मग म्हटलं की मंडळाची ताकद मोजायला मी आयुष्यभर हरणं-जिंकणं मोजलं, पण एकवीस जानेवारीला माझ्या गावाला आपली ताकद परत सापडली, आणि ती घेऊन आलेला संघ हरला होता. एवढं बोलून बसलो.

पाच विरुद्ध तीन. तुम्ही आत आलात. डेन्व्हरला नकार कळवायला सांग, आणि नातींना पाय चेपायची मजुरी मामाआजोबांकडून.

लाइलनं दुकानात नवी पाटी लावलीय, पहिली बास्केट होईपर्यंत दाढी होणार नाही. लोक वैतागलेत.

डिसेंबरमध्ये आमचा संघ तुमच्याकडे येणार, आणि त्या बसमध्ये मी असणार. तुमचा हॉल लहान आहे, ऐकून आहे. डॅरेलनं पोरांना चांगलं तयार केलं तर आमची पहिली बास्केट व्हायला उशीरही लागेल. लागू दे. एवढंच कर, माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवू नकोस.

तुझा,
व्हर्नदादा