अक्काचं गेट

रविवार, संध्याकाळ

सापगावला अक्काकडे तिच्यासाठी मी बनवलेलं गेट घेऊन गेलो आणि तसंच परत आणलं. तिच्या अंगणाला दुसरं गेट आधीच लागलेलं होतं, शहापुरातून तयार आणलेलं.

चूक माझीच का? लोखंडी पाइप कापायला मी घेतलं ते स्वस्तातलं बँडसॉ मशीन. पातं पाइपमध्ये शिरलं की एका बाजूला सरकायचं. कापलेल्या तोंडाला काटकोन तपासायचा गुण्या लावला की फट दिसायची. पुन्हा कापावं तर पाइप आखूड. पातं ताणून, त्याच्या बाजूची बेअरिंग हलवून हलवून शेवटी जमलं. चारही कोपऱ्यांना गुण्या चपखल बसला. पण यात पावसाळा गेला, दिवाळीही गेली.

अक्का म्हणाली, "तुला वाईट वाटंल म्हणून बोलली नाय रे. गुरं आत शिरत होती."

रोज फोनवर बोलतो आम्ही. एकदाही सांगू नये?

कोपऱ्याला गुण्या लावून तिला दाखवणार होतो. पिशवीतून काढलाच नाही.

भावोजी म्हणाले, "मागं गोठ्याला लाव. रुंद होतंय, तर काप. मशीन हाय ना तुझ्याकडं."

मी गोठ्याच्या दाराचं माप घेतलं आणि गेट पुन्हा टेम्पोत चढवलं.