कावळ्याला दिलेला शब्द आणि मागचा एक्सल

दुबई, ९ नोव्हेंबर

ती. राजनभाऊजींना छायाचा नमस्कार.

तुमची साखर हल्ली किती असते ते कळवावे. स्मितावहिनींचा गुडघा बरा असेल. नसेल तर त्यांना तुमच्या औषधांपासून दूर ठेवावे (मागे तुम्ही सांगितलेल्या तेलाने माझा खांदा आठ दिवस सुजला होता. तेव्हा भिडेपोटी बोलले नाही). मी आणि मैथिली ठीक आहोत. प्रल्हादला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल.

पत्राचे कारण गाडी. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते. मधू पुण्याला येतो आहे, त्याच्या हाती देईन.

दहाव्या दिवसाचे तुम्हाला आठवत असेलच, पण ते तुमच्या बाजूने. आपण ममझारच्या किनाऱ्यावर पान मांडून बसलो होतो. ठाण्याचे गुरुजी फोनमध्ये होते आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. कावळा दिव्याच्या खांबावर बसून होता, पण उतरेना. मी हात जोडून म्हटले की मैथिलीला नीट सांभाळीन. तो पंख साफ करत राहिला. मैथिली म्हणाली, बाबा, मी डिग्री पूर्ण करीन. त्याने आमच्याकडे पाठ केली. मग गुरुजींचे नेटवर्क गेले. दीड तासाने तुम्ही बूट काढून पुढे झालात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "प्रल्हाद, तुझी गाडी तुझ्या मनासारखी करून रस्त्यावर आणतो. शब्द देतो." कावळा त्याच क्षणी खाली आला आणि त्याने पानाला चोच लावली. सगळे रडले. तुम्हीही रडलात. मी रडले नाही, तर तुम्ही लोकांना सांगितलेत की छायाला धक्का बसला आहे. धक्का बसला नव्हता. बावीस वर्षांच्या संसारात त्याचा जीव नेमका कशात अडकला होता, ते मला नुकतेच कळले होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुण्याला गेलात. शब्द इथे राहिला.

मी अल क्वोजला गेले. तिथे अर्सलानचे वर्कशॉप आहे. प्रल्हादची प्रत्येक सुट्टी तिथे गेली, तरी मी ते पहिल्यांदाच पाहत होते. गाडी १९७१ सालची, अमेरिकन, दोन दारांची, पुढचे बॉनेट आपल्या हॉलएवढे. ती चार स्टँडवर उभी होती आणि मागचा एक्सल उघडा होता. अर्सलानने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "भाभी, साहब तो चले गए. अब रेशो आप बताइए."

मी म्हटले, मला यातले काही कळत नाही. तेव्हा त्याने समजावले. मागच्या एक्सलमध्ये एक मोठे दात्यांचे चाक असते, ते क्राउन. त्याला फिरवणारे छोटे, ते पिनियन. मोठ्याचे दाते भागिले छोट्याचे दाते, हा तो रेशो. आकडा मोठा असला की गाडी सिग्नलवरून उडी मारते, पण हायवेला ओरडते. लहान असला की उठायला जड, पण हायवेला निवांत. जुन्या गिअरबॉक्समुळे दोन्ही सुखे एकदम मिळत नाहीत. "आप बस ये बोलो, चलानी कहाँ है." त्या गाडीबाबत अकरा वर्षांत कोणी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी म्हटले, दुबई ते अबुधाबी. (माझी लॅब अबुधाबीला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आधी मेट्रो, मग बस, असे मी अकरा वर्षे जाते. माझ्याकडे लायसन्स आहे. नवऱ्याकडे तीनशे घोडे होते.)

पण शब्दात 'तुझ्या मनासारखी' होते, आणि त्याचे मन काय होते हे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होते. मधू हमरियाला प्रल्हादच्याच ऑफिसात कामाला. भेटायला आला, दोन मिनिटे मान खाली घालून बसला, चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाला, "वहिनी, चार पॉइंट दहाच्या खाली जाऊ नका. इंजिनचा अपमान होईल." त्याने हेही सांगितले की प्रल्हादने अमेरिकेहून मागवलेला ४.१०चा सेट ऑफिसात प्रल्हादच्या टेबलाखाली येऊन पडला आहे. तो त्याने मला आणून दिला. त्यांच्या गाड्यांच्या ग्रुपवर प्रल्हादचा हार घातलेला फोटो होता आणि त्याखालीच मतदान घेतले गेले. ४.१०ला तेवीस, ३.५५ला नऊ, आणि एकाने नुसते हात जोडले. तुम्ही फोनवर ४.१० म्हणालात (तुम्ही एक्स्प्रेसवेवरसुद्धा दुसऱ्या गिअरमध्ये चालवता, मैथिली मागे बसली होती). अर्सलानने हिशेब करून दाखवला. ताशी एकशेवीसला ४.१०चे इंजिन मिनिटाला चार हजार फेरे मारणार. शेजारच्याशी बोलता येणार नाही. मी म्हटले, घरी इंजिन नव्हते, तरी बोलणे नव्हतेच.

आता बाल्कनीच्या दाराचे. वाऱ्याने ते आपटते, म्हणून टॉवेलात गुंडाळलेले एक जड काहीतरी तिथे कायम असते. फार पूर्वी प्रल्हादने ते आणून "कुठेतरी ठेव" म्हटले होते, मी दाराशी ठेवले. ऑगस्टमध्ये टॉवेल धुवायला काढला तर आत क्राउन आणि पिनियन. मार्करने खुणा करत दाते मोजले (दोनदा, लॅबची सवय). चाळीस आणि तेरा. म्हणजे ३.०८, हायवेचा, निवांत. सगळ्यांना ४.१० सांगणाऱ्या माणसाने गुपचूप माझ्या अबुधाबीसाठी हा घेऊन ठेवला होता, असे मी एक पूर्ण संध्याकाळ धरून चालले. देवापाशी दिवाही लावला.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या पिशवीत घालून अल क्वोजला नेला. अर्सलान बघून हसला आणि माझा चेहरा पाहून थांबला. "भाभी, ये तो इसी गाड़ी का है." गाडी अमेरिकेहून उतरली त्याच आठवड्यात साहेबांनी तो काढायला लावला होता. म्हणजे गाडी आली तेव्हाच ती अबुधाबीला जाण्याजोगी होती. मग प्रल्हादने एकामागून एक चार रेशो बसवून पाहिले. प्रत्येकाला काहीतरी आवाज, पुन्हा एक्सल उघडा. अकरा वर्षे तो जे दुरुस्त करत होता, ते मी दाराला लावून ठेवले होते.

मी म्हटले, हाच बसव. अर्सलान म्हणाला, दाते उत्तम आहेत, कामच कुठे पडले.

बेअरिंग, सील, पासिंग होता होता ऑक्टोबर संपला. गेल्या शनिवारी मी गाडी अबुधाबीला नेली. सिग्नलला मागच्या पिकअपवाल्याने हॉर्न मारला, कारण ती खरेच जड उठते. हायवेला मात्र काही त्रास नाही. मैथिली शेजारी इअरफोन घालून बसली होती. घंतूतच्या पुढे तिने ते काढले आणि म्हणाली, "आई, धिस इज ॲक्च्युअली नाइस." कॉर्निशवर समुद्राकाठी चहा घेतला आणि परत आलो.

तेव्हा तुमच्या शब्दापैकी 'रस्त्यावर आणतो' एवढे मी पाळले आहे. 'तुझ्या मनासारखी' मोडले आहे. तुमच्या कानावर असावे.

छाया

ता.क. मधूने आणलेला ४.१० आता बाल्कनीच्या दाराला आहे. दार नीट धरतो.

ता.क. २. वर्षश्राद्ध तुम्ही पुण्याला करणार आहात. शब्द तुमचा होता, तेव्हा पान ठेवाल त्या वेळी ३.०८ बसवल्याचे तुम्हीच सांगून टाकावे. माझे नाव सांगितले तरी चालेल.

ता.क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मैथिलीने हे पत्र वाचले (मराठी ती बोट ठेवून वाचते, अर्धा तास लागला). म्हणाली, "आई, द क्रो केम फॉर माय क्रोसाँ." सकाळपासून उपाशी होती म्हणून पिशवीतून तुकडा काढला, आणि तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा तो तिच्या हातून पानाच्या कडेला पडला. सगळे रडायला लागल्यावर तिला सांगायचा धीर झाला नाही. म्हणजे गाडीचा काही संबंध नव्हता. वरची विनंती रद्द समजावी. तिच्याऐवजी एवढे करा. वर्षश्राद्धाला गाडीचे नाव काढू नका. माझे आणि मैथिलीचे नाव घ्या आणि थांबा. कोणाच्या हातात खायचे काही नाही हे आधी पाहा. आला तर किती वेळाने आला ते लिहून कळवा. फोन करू नका.