तुमच्या नाल्यातला दगड

बाबा, गेल्या महिन्यात तुमचा नाला बघून आले. कच्छमधला. दर हिवाळ्यात परळच्या कॉलेजातली पोरं घेऊन तुम्ही तिथे जायचात आणि पिशवीभर जीवाश्म घेऊन लालबागला परतायचात. चाळीतल्या मोरीत तुम्ही ते दगड जुन्या टूथब्रशने घासत बसलात की आई खरकटी ताटं हातात घेऊन ताटकळायची. आणि तुमच्या शेजारी पाटावर कोण, तर तुमची ती लाडकी विद्यार्थिनी. तिच्या हातात तुम्ही दगड झालेला वेटोळ्याचा शंख ठेवताय, तिथे एके काळी समुद्र होता म्हणून सांगताय, आणि मी हात पुढे केला की, "तू नको, पडेल." मी दहावीत होते, बाबा. ती माझ्याहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठी.

मला एकदाही नेलं नाहीत. कॉलेजची सहल आहे, घरच्यांची नाही, एवढंच उत्तर. तुमचा नियम म्हणजे नियम. लहानपणी गिरगावात आत्याकडे गेलो होतो, तेव्हा रस्त्याच्या कामाच्या ढिगातून मी एक चकचकीत दगड उचलला होता. लालबागला बसमधून उतरल्यावर तो तुम्हाला माझ्या मुठीत दिसला. "कोणाला विचारून उचललास?" तुम्ही उलटी बस पकडून मला परत नेलंत आणि दगड ढिगावर ठेवायला लावलात. तिने आणलेल्या दगडांना मात्र आपल्या घरातल्या काचेच्या कपाटात जागा मिळाली. तिने ते विचारून उचलले असतील, मान्य. पण विचारायचं कोणाला, हे तिला तुम्ही शिकवलंत, मला नाही.

यंदा नवरा निवृत्त झाला आणि म्हणाला, गाडी काढून कुठेतरी लांब जाऊ. मी म्हटलं, जीवाश्म शोधायला जाऊ, पण रीतसर. मग फोन सुरू केले. जीवाश्म उद्यानात तिकीट काढून नुसतं बघायचं, वेचायचं नाही. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. सरहद्दीच्या बाजूला आणखी वेगळी परवानगी. एका खाणवाल्याने तर विचारलं, मॅडम, मुंबईत दगड संपले का? राहिली खासगी जमीन, मालक हो म्हणाला तर. आणि असा मालक ठाऊक कोणाला, तर तिलाच. ती दादरला असते. फार दिवस टाळून शेवटी फोन केला, तर एकदम आपलेपणाने म्हणाली, "अगं, लोकेशन पाठवते ना. माझं नाव सांग, काका लगेच हो म्हणतील." लोकेशन घेतलं. नाव सांगायचं नाही, हे मी फोन ठेवायच्या आधीच ठरवलं होतं. माझ्या बापाच्या नाल्यात मी तिच्या नावाने का शिरू?

तो जमीनमालक शेतकरी आता अगदी म्हातारा झालाय. खाटेवर बसवून त्याने आम्हाला बशीतून चहा दिला. मी तुमचं नाव घेतलं तसा त्याचा चेहरा फुलला. "सर की बेटी तो हर साल आती है," तो म्हणाला. "सर गुजर गए, फिर भी आती है." मला आधी कळेचना. मग तो कौतुकाने सांगायला लागला, सर तिला टोपी घाल म्हणून कसे ओरडायचे, आपल्या डब्यातलं अर्धं तिला कसं द्यायचे. तेव्हा कळलं ही बेटी कोण, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात त्याने विचारलं, आप कौन? नवरा तोंड उघडणार, त्याआधी मीच बोलले, "स्टुडंट. सर की स्टुडंट." मुलगी आहे म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग इतकी वर्षं कुठे होतात.

तो म्हणाला, मग खुशाल बघा, पण नेऊ नका. सरांनीच बजावून ठेवलंय, माझ्या नावाने कोणीही आलं तर दाखव, न्यायला मात्र देऊ नको. फक्त माझी मुलगी कधी आली, तर तिला हवा तो दगड उचलू दे. एवढं सांगून तो गुरांना पाणी दाखवायला गेला.

कोणती मुलगी, बाबा? तो समजला ती, की मी?

नाल्यात मला तळहाताएवढा एक शंख मिळाला, कडेने थोडा झिजलेला. नवरा म्हणाला, अगं, सांगून टाक ना त्याला खरं काय ते. मी नाही सांगितलं. विचारल्याशिवाय उचलायचा नाही आणि विचारायची सोय मीच घालवलेली. दगड होता तसा पालथा ठेवला. परतीच्या वाटेवर तिचा मेसेज आला, काही मिळालं का? त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

हे पत्र करी रोडच्या माझ्या घरी, इथे आणलेल्या तुमच्या काचेच्या कपाटासमोर बसून लिहितेय. धाडायला पत्ता नाही, म्हणून कपाटातच ठेवीन, तिच्या दगडांखाली. एक मात्र सांगते. निघताना त्या म्हाताऱ्याशी बोलताना मी तुम्हाला दोन-तीनदा 'सर' म्हटलं. त्याची काही गरज नव्हती. मोरीपाशी बसून ती तुम्हाला सारखी सर, सर म्हणायची तेव्हा मी जळायचे. म्हणून मीही तसं म्हणून बघितलं, आणि मला आवडलं.